शेजाऱ्याची वही

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना जे मागं-पुढं झालं ते स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडं सरळ केलं आहे.)



आयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू दवाखान्यात जंतूंचं काहीतरी करतेस ना, त्याच्यावर बोल. पण सगळ्यांना कळंल असं बोल." दुसऱ्या दिवशी आपल्याच वर्गातल्या एकानं वेगळा फोन केला, "लई शास्त्रीय बोलू नको बरं का, पुढं जेवण आहे." दोघांचंही ऐकायचा प्रयत्न करते.

आपण दहावीचा फॉर्म भरला तेव्हा जिल्ह्याच्या रकान्यात परभणी लिहिलं होतं. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. तोवर आपल्यातले निम्मे गोरेगाव सोडून गेले होते. मी औरंगाबादला गेले, सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लागले, ती आजपर्यंत तिथंच आहे. लोक डॉक्टरला ओळखतात, नर्सला ओळखतात. आम्ही मागच्या खोलीत असतो. तुमच्या लघवीची, रक्ताची, पसची बाटली जिथं जाते तिथं मी बसते.

हे सगळं सुरू झालं ते दह्यापासून. विज्ञानाचे सर समोर बसलेत, त्यांना आठवत असेल. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता, तो कपाटात, आणि कपाटाची किल्ली हेडमास्तरांकडं. एका शनिवारी सरांनी घरून वाटीत दही आणलं. काचेवर दह्याचं पाणी पातळ पसरलं, स्पिरिटच्या दिव्यावर वाळवलं, निळा रंग टाकला आणि धुतला. मग आम्ही रांगेनं एक डोळा मिटून बघायचं. मला निळ्या बारीक काड्या दिसल्या. माझ्यामागच्यानं स्वतःचीच पापणी बघितली आणि "सर, लई मोठा जंतू आहे" म्हणून ओरडला. तो आज इथं आहे, नाव घेत नाही.

सर त्या दिवशी म्हणाले होते, "एकाचे दोन, दोनाचे चार. आई नाही, बाप नाही. जसा पहिला तसेच सगळे." पुस्तकातही तेच होतं आणि ते खरंच आहे. आपल्या पोटातला ई. कोलाय नावाचा जिवाणू चांगलं खाणं मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. पण सर, ती अर्धीच गोष्ट होती. उरलेली अर्धी सांगायला मी आज उभी आहे.

माणसाचं काय असतं? शेत बापाकडून मुलाकडं जातं. सातबाऱ्यावर वारस नोंद होते. रंग, उंची, टक्कल, सगळं तसंच, वरून खाली. जिवाणूंमध्ये हे तर आहेच, पण त्याशिवाय ते गुण आडवेही घेतात. शेजाऱ्याकडून, परक्या जातीच्या जिवाणूकडून, अगदी मेलेल्याकडूनसुद्धा. तिथं ना तलाठी, ना फेरफार.

कसं ते सांगायला मला आपलाच वर्ग आठवतो. गणिताचा गृहपाठ एकीच करायची. प्रार्थनेच्या आधी तिची वही पहिल्या बाकावरून निघायची आणि घंटा होईपर्यंत शेवटच्या बाकावर पोचायची. तिची वही तिच्याकडं परत यायची आणि उत्तर सगळ्यांकडं असायचं. जिवाणूंमधला मुख्य प्रकार हुबेहूब असाच चालतो. त्यांच्या मुख्य डीएनएशिवाय काहींच्या अंगात डीएनएचं एक लहान वेगळं कडं असतं, त्याला प्लास्मिड म्हणतात. ते कडं म्हणजे ती वही. ज्याच्याकडं ती आहे तो बारीक धाग्यासारखा हात पुढं करतो, शेजाऱ्याला जवळ ओढतो आणि वहीची एक प्रत त्याला देतो. मूळ वही देणाऱ्याकडंच राहते. घेणारासुद्धा आता पुढच्याला देऊ शकतो. जिवाणू असं एकमेकांना डीएनए देतात हे १९४६ मध्ये अमेरिकेत जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टॅटम यांनी दाखवलं. लेडरबर्गचं वय तेव्हा एकवीस. आपण त्या वयात एसटीच्या पाससाठी रांगेत होतो.

दुसरा प्रकार म्हणजे रद्दीतली वही. वरच्या वर्गातली मुलं पास होऊन गेली की त्यांची फाटकी पुस्तकं आपण अर्ध्या किमतीत घ्यायचो, आणि समासात कुणीतरी लिहिलेली उत्तरं फुकट मिळायची. जिवाणू मेला की फुटतो, त्याचा डीएनए बाहेर सांडतो, आणि काही जातीचे जिवाणू तो तुकडा उचलून आपल्यात बसवून घेतात. हे तर सगळ्यात आधी कळलं होतं, १९२८ मध्ये. फ्रेडरिक ग्रिफिथ नावाच्या इंग्रज डॉक्टरानं न्यूमोनियाचे दोन प्रकारचे जिवाणू घेतले, एक उंदराला मारणारा आणि एक निरुपद्रवी. मारणारे उकळत्या पाण्याइतके नव्हे, पण मरतील इतके गरम करून मारले. ते मेलेले जिवाणू एकटे टोचले तर उंदीर जगायचा. निरुपद्रवी टोचले तरी जगायचा. दोन्ही मिसळून टोचले तर उंदीर मेला, आणि त्याच्या रक्तात मारणारे जिवाणू जिवंत सापडले. मेलेल्यांनी काहीतरी जिवंतांना दिलं होतं. ते काहीतरी म्हणजे डीएनए, हे अमेरिकेत अ‍ॅव्हरी, मॅक्लिओड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये सिद्ध केलं. ग्रिफिथला ते कळलं नाही. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात तो गेला. डीएनए हाच वारशाचा पदार्थ आहे ही मोठी गोष्ट माणसाला जिवाणूंच्या या उचलेगिरीतून समजली, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

तिसरा प्रकार शिपाईमामांचा. नोटीस वही घेऊन ते वर्गावर्गात फिरायचे आणि कधी कधी त्या वहीत नववी 'ब'चा एखादा कागद अडकून दहावी 'अ'मध्ये यायचा. जिवाणूंनाही विषाणू लागतात. असा विषाणू एका जिवाणूतून निघताना चुकून त्याच्या डीएनएचा तुकडा बरोबर घेतो आणि पुढच्यात सोडतो. काही विषाणू स्वतःचंच सामान कायमचं ठेवून जातात. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी पटकीचं नाव असायचं, यात्रेहून आलेलं माणूस सकाळी धडधाकट आणि रात्री गेलेलं. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या जिवाणूचं जे विष आहे, ज्यानं माणसाच्या अंगातलं पाणी वाहून जातं, त्या विषाचं जनुक मुळात एका विषाणूनं आणून ठेवलेलं आहे. हे १९९६ मध्ये कळलं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्याला लोक देवीचा कोप म्हणायचे, तो अशी एक वस्तू पोचवून गेलेल्या विषाणूचा उद्योग निघाला.

या देवाणघेवाणीनं किती फरक पडतो? २००२ मध्ये ई. कोलायच्या तीन प्रकारांची पूर्ण जनुकं शेजारी ठेवून बघितली. नाव तिघांचं एकच. तिघांची मिळून जी काही प्रथिनं होती, त्यातली तिघांतही असलेली चाळीस टक्क्यांनासुद्धा पोचली नाहीत. एक पोटात गुपचूप राहणारा, दुसरा रक्ती जुलाब करणारा, तिसरा लघवीच्या मार्गात आजार करणारा. एका नावाचे तीन भाऊ, आणि तिघांचं मिळून जे सामान, त्यातलं निम्म्याहून जास्त तिघांकडंही सापडत नाही.

आता माझ्या कामाकडं येते.

डॉक्टर 'कल्चर' लिहून देतात तेव्हा आम्ही काय करतो ते सांगते. नमुना एका ताटलीत, अगारच्या थरावर, ओढतो. रात्रभर ३७ अंशात ठेवतो. सकाळी ई. कोलाय असला तर एका प्रकारच्या ताटलीत गुलाबी ठिपके दिसतात. त्यातला ठिपका घेऊन दुसऱ्या ताटलीभर सारखा पसरतो आणि त्यावर औषधं भिजवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवतो. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती गोल मोकळी जागा दिसली तर ते औषध चालतं. तणनाशक सांडलेल्या जागी बांधावर कसं गोल मोकळं होतं, तसं. जिवाणू चकतीला चिकटून वाढले असतील तर औषध चालत नाही. रिपोर्टवर पहिल्यासाठी 'एस' छापतात आणि दुसऱ्यासाठी 'आर'. मी लागले तेव्हा एखाद्या रिपोर्टवर तीन-चार 'आर' दिसले तर आम्ही एकमेकांना बोलावून दाखवायचो. आता कुणी खुर्चीतून उठत नाही.

माझे अण्णा तुम्हाला सगळ्यांना माहीत होते. गिरणीवाले अण्णा. तुमच्यातले बरेच जण डोक्यावर डबा घेऊन त्यांच्याकडं दळण आणायला आलेले आहेत. सहा वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा तुमच्यातले कितीतरी जण आले होते. आम्ही सांगितलं, वय झालं होतं, ताप डोक्यात गेला. तेव्हा मला नीट बोलता आलं नव्हतं. आज सांगते.

अण्णांना प्रोस्टेटचा त्रास होता. दर दोन-तीन महिन्यांनी उन्हाळी लागायची, थंडी वाजून ताप यायचा. मग मला फोन. मी म्हणायचे, अमुक गोळी आणा, पाच दिवस घ्या. मेडिकलवर चिठ्ठी कुणी मागत नव्हतं. माझं नाव सांगितलं की झालं, मुलगी मोठ्या दवाखान्यात आहे. अण्णा दोन दिवस घ्यायचे, बरं वाटलं की उरलेल्या कोनाड्यातल्या डब्यात ठेवायचे आणि पुढच्या वेळी मला न विचारता त्याच घ्यायचे. आईच्या गुडघ्यालाही एकदा त्यातलीच दिली होती. हे मला माहीत होतं. ज्या बाईचं आयुष्य 'एस' आणि 'आर' छापण्यात चाललंय तिला हे माहीत होतं, आणि तिनं तीन-चार वर्षं फोनवर गोळ्या सांगितल्या. कारण गोरेगावहून त्यांना घेऊन येणं, कल्चर करणं, दोन दिवस थांबणं, हे सगळं त्या वेळी खटाटोप वाटायचं.

मग एका दिवाळीनंतर लघवी अडली. नळी घालावी लागली. ताप उतरेना म्हणून शहरात आणलं. त्यांचा नमुना मीच लावला. दुसऱ्या दिवशी गुलाबी ठिपके. तिसऱ्या दिवशी चकत्यांची ताटली उघडली आणि एकाही चकतीभोवती मोकळी जागा नव्हती. मेरोपेनेम म्हणून एक औषध आहे, ते आम्ही शेवटच्या फळीतलं समजतो. त्याच्याही चकतीला चिकटून जिवाणू वाढले होते. मी ताटली परत बंद केली आणि पुन्हा उघडली, जसं काही दुसऱ्यांदा वेगळं दिसेल. मग रक्ताचं कल्चर आलं, त्यात दुसराच जिवाणू, क्लेब्सिएला. त्याचाही रिपोर्ट तसाच. उरलं होतं कोलिस्टिन, जुनं औषध, मूत्रपिंडाला जड. ते दिलं. अकराव्या दिवशी अण्णा गेले. दोन्ही जिवाणूंचे नमुने पुढच्या तपासणीला पाठवले होते, तो कागद तेराव्यानंतर आला. दोन वेगळ्या जातीचे जिवाणू आणि दोघांतही एकच जनुक, एनडीएम.

या जनुकाची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्याकडचीच आहे. मूळचा भारतीय, स्वीडनमध्ये राहणारा ५९ वर्षांचा एक माणूस २००७ च्या शेवटी दिल्लीत रुग्णालयात होता. २००८ च्या जानेवारीत तो स्वीडनला परतल्यावर त्याच्या लघवीत क्लेब्सिएला सापडला. मेरोपेनेमच्या गटातली औषधं मोडून टाकणारं एक नवीन जनुक त्यात होतं. त्याच माणसाच्या शौचात ई. कोलाय सापडला, त्यातही तेच जनुक, पण वेगळ्या आकाराच्या प्लास्मिडवर. म्हणजे वही एकाकडून दुसऱ्याकडं गेली होती, आणि जाता जाता तिची पानंही बदलली होती. जनुकाला नाव दिलं गेलं ते नवी दिल्लीच्या नावानं. त्या नावावरून आपल्याकडं केवढा राग उसळला होता ते तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. मला तो राग समजतो. पण नावावर भांडण चालू होतं तेव्हा आकडे मुंबईतून आधीच आले होते. हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेनं ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात या गटातल्या औषधांना न जुमानणारे २४ जिवाणू तपासले. २२ मध्ये एनडीएम निघालं. १० क्लेब्सिएला, ९ ई. कोलाय, आणि आणखी दोन जातींचे मिळून तीन. चार महिने, एक रुग्णालय, चार जाती, एक जनुक. त्यांनी ते मार्च २०१० मध्ये छापलं. आम्ही प्रयोगशाळेतल्या लोकांनी तो लेख एकमेकांना देऊन वाचला.

पुढच्या वर्षी त्याहून वाईट बातमी आली. दिल्लीत रुग्णालयाच्या बाहेर, रस्त्याकडेच्या साचलेल्या पाण्याचे १७१ नमुने घेतले होते. ५१ मध्ये ते जनुक होतं. नळाच्या पाण्याचे ५० नमुने, त्यातल्या दोनमध्ये होतं. कॉलऱ्याच्या आणि आवेच्या जिवाणूंतही ते पोचलं होतं. प्रयोगात ही देवाणघेवाण ३० अंशाला सगळ्यात जोरात चालली. ३० अंश म्हणजे काय, ते इथं कुणाला सांगायची गरज नाही.

हे सगळं जपानी लोकांनी पन्नास वर्षं आधी बघितलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडं आव फार होती. आधी सल्फा चालायची, मग इतर औषधं आली. १९५० नंतर असे जिवाणू सापडू लागले की चार-चार औषधं एकदम चालेनात. गुण एकेक करून येत असतील तर चार एकदम कसे? शिवाय त्याच रुग्णाच्या पोटातला साधा ई. कोलायसुद्धा त्याच चार औषधांना दाद देईना. १९५९ मध्ये ओचियाई आणि अकिबा यांनी, दोघांनी वेगवेगळं काम करून, दाखवलं की हे दोन जिवाणू नुसते एकत्र ठेवले तरी चारही गुण एका झटक्यात पलीकडं जातात. चारही उत्तरं एकाच वहीत होती.

अण्णांच्या गोळ्यांचा संबंध इथं येतो. गोळीमुळं जनुक तयार होत नाही. जनुकं फार जुनी आहेत. मातीतले जिवाणू आणि बुरशा एकमेकांवर हीच औषधं कोट्यवधी वर्षं वापरत आलेत. गोळी काय करते, तर पोटातल्या गर्दीतले साधे जिवाणू मारते आणि ज्याच्याकडं वही आहे त्याला मोकळं रान देते. तो वाढतो आणि शेजारी येईल त्याला वही देतो. वहीत पाच औषधांची उत्तरं असतात, म्हणून एक स्वस्त गोळी घेतली तरी पाचही उत्तरं जपली जातात. मी सांगत होते ती साधी गोळी मेरोपेनेमचं नावही काढत नव्हती. ज्याला आजार झालाय तो जिवाणू वेगळा, ज्याला वही मिळते तो वेगळा, आणि ती पुढं ज्याला मिळते तो तर दुसऱ्याच माणसाच्या पोटात असू शकतो. आईचा, सुनेचा, पाण्यातून आणखी कुणाचा.

अण्णांच्या अंगात ते जनुक माझ्या गोळ्यांमुळं टिकलं की रुग्णालयातल्या नळीबरोबर आलं, हे मी कामातली बाई म्हणून ठरवू शकत नाही. तसा पुरावा नाही. मुलगी म्हणून काय वाटतं ते वेगळं.

आपल्या वर्गातला एक जण मेडिकल चालवतो. सकाळी चहाच्या वेळी तो मला म्हणाला, "मी नाही दिली तर समोरचा देतो, आणि गिऱ्हाईक कायमचं जातं." त्याचं खोटं नाही. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे. त्यात ४६ औषधं घातली होती, त्यात कितीतरी अँटिबायोटिक. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि विक्रीची वेगळी वही ठेवायची. २०१६ पासून स्ट्रिपवरची उभी लाल रेघ ओळखा असंही सरकार सांगतंय. कायद्याची वही आहे, पण जिवाणूंची वही जास्त वेगानं फिरते. मी त्याला एवढंच म्हटलं, माझ्या अण्णांना चिठ्ठी न मागणाऱ्या दुकानदाराला मी दोष देत नाही, कारण चिठ्ठीच्या जागी माझं नाव होतं. यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग त्यानं मला दुसरा चहा पाजला.

कोंबड्यांचा व्यवसाय करणाराही एक जण आहे. त्याला माहीत असेलच, कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी घालायचे, ते आपल्या सरकारनं जुलै २०१९ मध्ये बंद केलं. का, तर २०१५ मध्ये चीनमध्ये कोलिस्टिनलाही हरवणारं जनुक प्लास्मिडवर सापडलं, डुकरांत, मटणात आणि माणसांतही. अण्णांना शेवटी दिलं तेच हे औषध.

टीबीचं मात्र वेगळं आहे, गल्लत नको. टीबीचा जिवाणू वही-बिही घेत नाही. त्याला औषध लागू होईनासं होतं ते त्याच्या स्वतःच्या डीएनएत चुका होऊन. तिथं गोळ्या मधेच सोडल्या की त्या चुकलेल्यांनाच वाढायला जागा मिळते. म्हणून टीबीचा कोर्स डॉक्टर सांगतील तितके महिने, एक दिवससुद्धा न चुकवता घ्यायचा. आणि सर्दी-पडसं विषाणूचं असतं, त्याला अँटिबायोटिक लागूच पडत नाही. ते आपलं आपण बरं होतं आणि श्रेय गोळीला जातं.

सगळं वाईटच सांगितलं असं व्हायला नको. आपण सगळे सोयाबीनवाले. पेरणीच्या आधी बियाण्याला जिवाणू संवर्धनाचं पाकीट चोळतो, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं किंवा दुकानातलं. ते जिवाणू मुळांवर गाठी करतात आणि हवेतला नत्र पिकाला देतात. चांगली गाठ फोडली तर आत लालसर गुलाबी असते, पोरांना नक्की दाखवा. न्यूझीलंडमध्ये एका चाऱ्याच्या पिकाला असे जिवाणू लावले होते. सात वर्षांनी त्या रानातल्या गाठी तपासल्या तर आत पेरलेले जिवाणू थोडे आणि तिथलेच मूळचे जास्त. गाठी कशा करायच्या हे तिथल्या जिवाणूंना आधी येत नव्हतं. पेरलेल्या जिवाणूनं त्या विद्येचा अख्खा मोठा तुकडा त्यांना देऊन टाकला होता. हे १९९५ मध्ये छापून आलं. ब्राझीलच्या सोयाबीनच्या रानांतही असंच आढळलं. म्हणजे तुम्ही पाकीट चोळता तेव्हा नुसते जिवाणू पेरत नाही, वहीसुद्धा पेरता.

कपाशीचंही तसंच. झाडाच्या पेशीत स्वतःचा डीएनए घुसवणारा मातीतला एक जिवाणू आहे, अ‍ॅग्रोबॅक्टेरियम. झाडावर तो गाठी आणतो. शास्त्रज्ञांनी त्याच्यातला गाठीचा भाग काढला आणि त्याच्या हाती बीटीचं जनुक दिलं, तेही दुसऱ्या एका जिवाणूचंच. आपल्या जालन्याच्या महिकोच्या ज्या बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, ती या वाटेनं झालेली. बीटी चांगलं की वाईट यावर मी आज बोलत नाही, नाहीतर जेवण रात्री होईल.

आता सरांसाठी. सर, मी मघाशी कपाट बघून आले. सूक्ष्मदर्शक अजून तिथंच आहे, भिंगाला बुरशी लागली आहे, पण फिरतो. आमच्या बॅचनं मिळून दोन नवीन द्यायचं ठरवलंय, ते आज दुपारी हेडमास्तरांच्या ताब्यात देऊ. किल्ली मात्र विज्ञानाच्या शिक्षकाकडं राहावी अशी विनंती पत्रात लिहिली आहे. निळा रंग आणि काचा मी बरोबर आणल्यात. स्वयंपाकघरातून दह्याची वाटी मागवलेली आहे. जेवण झाल्यावर आठवी-नववीची जी पोरं वाढायला आलीत त्यांना प्रयोगशाळेत पाठवा, आणि ज्यानं तेव्हा पापणी बघितली होती त्यानंही यावं.

मी दुपारी चारच्या गाडीपर्यंत आहे. कुणाचे जुने कल्चर रिपोर्ट घरी असतील तर घेऊन या, काय लिहिलंय ते समजावून सांगते. गोळी मात्र सांगणार नाही.